भिंगमावशींची डुप्लिकेट यंत्रं

कोरं यंत्र हातात दिलं की भिंगमावशी ते चालू करून बघत नसत, आधी त्याचे स्क्रू सोडवत. पहिल्याच भेटीत मी घाबरून म्हणालो, "मावशी, अजून वापरलंसुद्धा नाही ते." त्यांनी डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलं. "नवीन हाय म्हणून बरं हाय, असं कुठं लिवलंय?"

मी पालघरला गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. हल्लीच्या गाडीत एक छोटा कंप्युटर असतो. किल्ली हरवली किंवा तो बिघडला, की त्यातली माहिती वाचायला आणि पुन्हा लिहायला प्रोग्रॅमर नावाचं यंत्र लागतं. आम्ही गॅरेजवाले सगळे त्याच्या स्वस्त नकला वापरतो. नक्कल बंद पडली की विकणारा फोन उचलत नाही. मग बोईसरला, रिक्षा स्टँडमागच्या अरुंद गाळ्यात मावशींकडे जायचं; नवं यंत्रही आधी त्यांनाच दाखवायचं.

मावशी मूळच्या इथल्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या. घरी सगळे समुद्रावर जाणारे, या मात्र वीस वर्षं औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात डाग देण्याच्या टेबलावर होत्या. डाग म्हणजे सोल्डरिंग. कारखाना बंद झाला तेव्हा तिथलं स्टूल आणि भिंग त्यांनी मागून घेतलं. लोक यंत्राला 'डुप्लिकेट' म्हणाले की त्यांना आवडत नसे. "त्याला काय ठावं आपण डुप्लिकेट हाय? जीव ओतला की चालतं." त्या त्यातले हलके सुटे भाग काढून चांगले बसवत, बारीक वायरीच्या जागी जाड वायर टाकत. वर कागद चिकटवत : 'इंटरनेटला जोडू नये.' जोडलं तर मूळ कंपनीकडून नक्कल पकडली जाते आणि यंत्र कायमचं बंद पडतं. सुनेला बजावावं तसं त्या हे प्रत्येकाला बजावत.

एकदा जुन्या गाड्यांचा एक दलाल आला. म्हणाला, "मॅडम, मशीन में ऐसा कुछ कर दो कि मीटर पीछे हो जाए." मावशींनी मान वर केली नाही. "गाडीचं वय चोरायचं काम आमी करत नाय. माझे केस बघ, ते तरी काळे केलेत का?" दलालाला मराठी कितपत कळलं देव जाणे, पण तो गेला.

मला त्यांनी एकच शिस्त लावली. गाडीत काही लिहिण्याआधी आतली जुनी माहिती दोनदा वाचून उतरवून घ्यायची, दोन्ही प्रती जुळल्या तरच पुढे जायचं. मला हा जाच वाटायचा. करायचो ते निव्वळ त्यांच्या धाकाने.

मग पाम गावची रुग्णवाहिका माझ्याकडे आली. तिची किल्ली हरवली होती. मी नव्या किल्लीची माहिती गाडीत लिहायला घेतली आणि निम्म्यावर यंत्र थांबलं. गाडी ठप्प. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यातून एका आजोबांना डायलिसिसला न्यायचं होतं. मी यंत्र पिशवीत घातलं आणि दुपारच्या उन्हात बोईसर गाठलं.

"आदी वाचलंस?" मावशींनी एवढंच विचारलं.

"दोनदा."

"जुळलं?"

"जुळलं."

"मंग तोंड कशाला पाडलंस? बस."

त्यांनी यंत्र उघडलं. आतला विजेचा दाब सांभाळणारा भाग कमजोर झाला होता. वाचण्यापुरती वीज पुरत होती, लिहायला मात्र पुरत नव्हती. तो बदलून त्या माझ्याबरोबर रिक्षाने स्टेशनला, तिथून पालघरला आल्या. जुनी प्रत गाडीत परत घातली, मग नवी किल्ली लिहिली. इंजिन सुरू झालं. मावशींनी माझ्याकडे कोकम सरबत मागितलं.

पुढच्या वर्षी त्यांचा हात थरथरू लागला. एका गिऱ्हाइकाच्या यंत्रातला तांब्याचा पातळ पट्टा त्यांच्याकडून उखडला. कोणाला कळलंही नसतं. त्यांनी स्वतः फोन करून त्याला सांगितलं, स्वतःकडचं चांगलं यंत्र त्याला दिलं, आणि त्याच आठवड्यात गाळा सोडून दांडीला गेल्या. मी खूप विनवलं. "मी आता इस्त्री धरली तरी साडी जळते," म्हणाल्या आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेलो. स्वतः दुरुस्त केलेलं यंत्र बरोबर नेलं होतं. मावशी ओट्यावर बोंबील निवडत होत्या. हात धुऊन, पदराला पुसून त्यांनी यंत्र मांडीवर घेतलं. डोळे मिटून अंगठा प्रत्येक डागावरून सावकाश फिरवला. अंगठा थरथरत होता. एका जागी थांबला, पुन्हा मागे आला, मग पुढे सरकला.

"कोणी केलं?"

"मी."

यंत्र माझ्या हातात देऊन त्या आत वळल्या आणि सुनेला म्हणाल्या, "दोन बोंबील जास्त तळ गं. कारागीर जेवायला हाय."