जुरीचं म्हणणं

गोंडपिपरीच्या बसस्टँडवर आई रडली नाही. जवसाच्या चटणीची बरणी पिशवीत नीट उभी राहते की नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा पाहत राहिली. बाबा धानाच्या बांधीतून थेट आले होते. पायांचा चिखलही धुतला नव्हता. बस सुटायला लागली तसे खिडकीशी आले आणि म्हणाले, "मोठी होशील तं हो. पण शिकली कोनासाठी, ते इसरू नको."

मी हॅम्बुर्गला निघाले होते, कायद्याचं पुढचं शिकायला. शेजारच्या सीटवर सुनंदाताई होत्या. त्यांच्या हाताखाली मी वकिली शिकले. त्या दिवशीची कामं दुसऱ्यावर सोपवून त्या नागपूरपर्यंत मला पोचवायला आल्या होत्या. वाटभर थोडंच आणि सावकाश बोलल्या. त्या कोर्टातही अशाच, इतक्या सावकाश बोलायच्या की समोरचे वकील चुळबुळायचे. मी एकदा कारण विचारलं होतं. "ज्याच्याबद्दल बोलून राह्यलो, तो मानूस तिथीच बसला असते," त्या म्हणाल्या. "त्याले वाटलं पाहिजे का आपली कोनाले घाई नाई."

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं दूर गेलेल्यांनो, ताईंचं नाव तुम्ही ऐकलं नसेल. म्हणून जुरीची गोष्ट सांगते.

जुरी भामरागडच्या पलीकडची, माडिया आदिवासी बाई. बंदूकवाल्यांना जेवण दिलं, या आरोपावरून तिला अटक झाली होती. घरी लहान मुलगी होती आणि जुरी कित्येक महिने तुरुंगात. तिची केस ताईंकडे होती, मी त्यांच्या हाताखाली. तिच्या कागदांवर 'मराठी समजते' असं लिहिलेलं होतं. न्यायाधीशांनी मराठीत विचारलं, "तुझ्या घरी ते लोक आले होते?" ती म्हणाली, "इंगो." म्हणजे माडियात हो. "तू त्यांना मदत केली?" "इंगो." दर प्रश्नाला ती मान लववून तेच म्हणत होती. सरकारी वकिलांनी समाधानाने पेनाचं टोपण लावलं.

ताई उठल्या. "साहेब, परवानगी असेल तर मी एक प्रश्न विचारते." परवानगी मिळाली. त्या जुरीकडे वळल्या आणि अगदी त्याच आवाजात म्हणाल्या, "बाई, तुम्ही या देशाच्या राष्ट्रपती आहात का?"

"इंगो," जुरी म्हणाली.

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी आधीची उत्तरं बाजूला ठेवली आणि दुभाषा आणल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा हुकूम दिला.

दुभाषा मिळणं सोपं नव्हतं. पावसाळा होता, पर्लकोटा नदीला पूर होता, भामरागडचा रस्ता पाण्याखाली. शेवटी तिकडच्याच दवाखान्यातल्या एक सिस्टर, माडिया घरातल्या, पाणी थोडं उतरल्यावर डोंग्यातून नदी पार करून आल्या. त्या आल्या तेव्हा ताईंनी सगळ्यात आधी केसचं काही विचारलं नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात जुरीच्या शेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, हिले सांगा, मी त्या दिवशी काय विचारलं होतं. लोकं हिच्यावर हसले. मले माफी मागायची हाय."

सिस्टरनी सांगितलं. जुरीने ताईंकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसली. इतक्या महिन्यांत तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग ती कोर्टात बोलली. बंदुका घेऊन काही लोक आले, भात रांध म्हणाले, तिने रांधला. ते गेले. मग दुसरे लोक बंदुका घेऊन आले आणि भात का रांधला म्हणून विचारू लागले. "मी कोणाले नाई म्हणायचं होतं?" सिस्टरनी तिचं शेवटचं वाक्य मराठीत सांगितलं. पुढे ती निर्दोष सुटली. आम्ही तिला गावापर्यंत सोडायला गेलो. मुलगी आधी आईकडे येईना, आजीच्या मागे लपली. जुरीने तिला ओढलं नाही. अंगणात बसून राहिली, मुलगी आपणहून येईपर्यंत.

हॅम्बुर्गच्या पहिल्या हिवाळ्यात मी स्वतः कोर्टातल्या जुरीसारखीच झाले होते. सरकारी ऑफिसला इथे आम्ट म्हणतात. तिथे टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घेऊन जायचं आणि खिडकीपलीकडची बाई जे विचारेल त्याला 'या, या', म्हणजे 'हो, हो', म्हणायचं. नाही म्हटलं तर काय होईल, ही भीती. तोवर मला जुरीची कीव यायची. कोर्टात ती किती एकटी होती ते त्या हिवाळ्यात कळलं, आणि एका प्रश्नात ते ओळखणाऱ्या ताई किती मोठ्या, तेही.

आता मी इथे निर्वासितांच्या बाजूने उभी राहते, त्यांच्या आश्रयाच्या मुलाखतींत. कुणी बाई प्रत्येक प्रश्नाला मान हलवायला लागली की मी मुलाखत थांबवते, तिच्या भाषेचा दुभाषा मागते. वेळ जातो, लोक कंटाळतात. मग मी आणखी सावकाश बोलते.

गेल्या थंडीत घरी गेले. शेजारी, नातेवाईक, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: परत कधी जाणार? आईनेही पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "किती दिवस हायेस वं?" रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिला त्याप्रमाणे पापड लाटायचे होते. पण मी पाहुणी झाले होते.

दुसऱ्या दिवशी ताईंना भेटायला कोर्टात गेले. केस आता पांढरे, गुडघ्याला पट्टा. त्यांच्या खटल्याचा पुकारा होत होता. मला पाहून त्या थांबल्यासुद्धा नाहीत.

"आली काय? त्या बाईजवळ बस जरा. तिचं कोनी आलं नाई," म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाकावर एक अनोळखी बाई बसली होती. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. घर म्हणजे काय, असं मला इथे हॅम्बुर्गला पुष्कळ जण विचारतात. मला तो बाक आठवतो. मी जवळ गेले, आणि त्या बाईने पदर आवरून, थोडं सरकून, मला जागा करून दिली.