एंटर दाबण्याआधी मोठ्यांदा वाचणारे खरात सर

शिरवळच्या ऑफिसात मी मुलाखतीला गेले, तेव्हा सुभेदार तुकाराम खरात सर पट्टीने वहीत रेघा मारत बसले होते. फौजेच्या सिग्नल विभागातून निवृत्त होऊन सॉफ्टवेअरमध्ये आलेले हे म्हसवडचे गृहस्थ मला, खरं सांगते, स्टोअरकीपर वाटले.

त्या वहीचा दरारा लवकरच कळला. कामाची नवी पद्धत घेण्याआधी समोरच्या दोन्ही पर्यायांवर तेच काम स्वतः करून पाहायचं आणि वहीत समोरासमोर लिहायचं, हा सरांचा नेम. एपीआय वापरून एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे रीतसर काम मागावं, की काळ्या पडद्यावर आपण कमांड टाइप करावी? सर सांगत, "एपीआय म्हंजी हापिसातला कारकून. कागद बघितल्याबिगर हलत न्हाई. कमांड म्हंजी जवान. हुकूम सुटला की निगाला. म्हणून एंटर दाबायच्या आदी मोठ्यांदा वाचायचं." आम्ही मागे हसायचो. मी तर वाचतच नसे. शहाणी ना!

व्हायचं तेच झालं. एका माती तपासणी प्रयोगशाळेचे अहवाल आम्ही सांभाळत होतो. दोन पडदे उघडे होते, एक सरावाचा, एक खरा. सरावाचा समजून पुसण्याची कमांड मी खऱ्यावर दिली. सगळे अहवाल गेले. घरात कमावती मी एकटी, तरी राजीनामा लिहूनच सरांपुढे उभी राहिले.

सरांनी आधी प्रयोगशाळेला फोन लावला. "आवं सायेब, चूक आमची हाय. सांजच्यापातूर समदं भरून देतो." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. अहवालांची आदल्या दिवशीपर्यंतची प्रत जपून ठेवलेली होती. खुर्ची ओढून सर माझ्याशेजारी बसले आणि त्या दिवसाचे उरलेले अहवाल आम्ही दोघांनी कागदांवरून भरले. मग सरांनी वहीचा शेवटचा रकाना दाखवला: 'कोण, कुठं चुकलं'. पहिलीच ओळ होती, 'खरात. न वाचता एंटर. सगळं पुसलं.'

"खाली तुजं लिव," सर म्हणाले, "आन् त्यो राजीनामा फाड. आता तू लय कामाची झालीस, पोरी."

रडत रडतच मी माझी ओळ लिहिली.

सर हट्टी आहेत, माऊसशी त्यांचं जुनं वैर आहे, चहा थंड करूनच पितात. आम्हाला ते असेच हवे आहेत. आता कमांड मीही मोठ्यांदा वाचते आणि नवे लोक मागे हसतात.

सरांनी साठी पूर्ण केली. औंधच्या यमाई देवीकडे त्यांच्यासाठी निरोगी, उदंड आयुष्य मागते. वहीत माझ्या ओळीखाली अजून पुष्कळ जागा आहे. राजीनामा घेऊन कुणी आलं, की खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसायला सर असावेत.