झाकणावरचा दाणा

काकू दारात आल्या की आधी त्यांचं नाक आत यायचं. मान थोडी वर, डोळे बारीक आणि मग निकाल: "काहीतरी लपवतोयस." दूधवाला, गॅसवाला, मी, सगळ्यांना हेच वाक्य. डोंबिवलीत एका कंपनीच्या कँटीनमध्ये त्यांनी तीस वर्षं स्वयंपाक केला होता. माणूस खोटं बोलतो, वास बोलत नाही, एवढंच शहाणपण तिथून घेऊन निघाले, असं त्या सांगायच्या.

टिटवाळ्याला आमची दारं समोरासमोर. इमारतीत पाणी यायचं सकाळी अकराला, आणि तेव्हा मी कोपरीच्या ऑफिसात. बायको मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला निघाली, तेव्हा पिंप भरायला घराची किल्ली काकूंकडे देऊन गेली आणि माझं पोट भरायला एक स्लो कुकर माझ्याकडे. "यात काहीही टाका, संध्याकाळपर्यंत शिजतं," असं म्हणाली. मी ते शब्दशः घेतलं.

कृतीबिती मी बघितली नाही. भोपळा दिसला, भोपळा टाकला. वांगी, चवळी, गोडा मसाला, अंदाजाने मीठ; बटण दाबलं की निघालो. मग फळीवर कडव्या वालांचा मोठा डबा सापडला. आई बिरडं करायची आणि मी खायचो, एवढाच माझा त्या विषयाचा अभ्यास. कोरडे वाल काठापर्यंत भरले, पाणी ओतलं, दोन मिरच्या टाकल्या.

संध्याकाळी बघतो तर मऊ, गोडसर बिरडं. साल एकालाही नाही. तुम्हाला माहीत असेलच, वाल भिजवतात, मोड आणतात, मग एकेक सोलतात. मला माहीत नव्हतं. मी ऑफिसात जाहीर केलं की मंद आचेवर सालं आपोआप विरघळतात. दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मी त्याला मत्सर समजलो.

सोमवार आणि गुरुवार हे माझे वालांचे वार ठरले. पण एक गोष्ट खटकू लागली. सकाळी कुकर काठोकाठ, संध्याकाळी निम्मा. त्यात गुरुवारी परतलो की काकूंच्या दारातून वालांचाच वास. किल्ली कोणाकडे होती, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मी सापळा लावला. झाकणाच्या मुठीवर तांदळाचा एक दाणा ठेवून निघालो. संध्याकाळी दाणा जागेवर होता. मला स्वतःची लाज वाटली. मग चष्मा लावला. माझ्या घरातला तांदूळ कोलम, लांबट, बारीक. मुठीवर बसला होता तो आखूड, गोलसर आंबेमोहोर.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे किल्ली मागितली. पाण्याचं आता मीच बघेन, तुम्हाला उगाच त्रास, वगैरे वगैरे. त्यांनी नाक वर केलं, पण नेहमीचं वाक्य आलं नाही. कमरेच्या पिशवीतून किल्ली काढली, पदराने पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. "बरोबर आहे बाबा. माणसाचा भरवसा नसतो." दार मात्र हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सोमवारी वाल केले. संध्याकाळी पहिला घास घेतला आणि कडूजहर. सालं जशीच्या तशी, आत दगड. चूळ भरायला धावलो, तर पिंप कोरडं. वाडगा घेऊन तसाच समोरच्या दारात उभा राहिलो.

काकूंनी वास घेतला. "न भिजवता टाकलेस. नेहमीसारखे."

"म्हणजे आधीचं बिरडं..."

"माझं. पहिल्या दिवशी घरात सोललेलं होतं. पुढे तुझे वार कळले."

"आणि मी केलेलं?"

"मी खाल्लं. अन्न टाकवत नाही रे. आणखी चार शिट्ट्या काढल्या, गूळ घातला, की उतरतं घशाखाली."

मग मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, मी गॅलरीत उभा राहून बायकोला फोनवर बिरड्याचं कौतुक सांगायचो, ते त्यांना आतपर्यंत ऐकू यायचं. "पन्नाशीचा पुरुष स्वयंपाकावर एवढा खूश झालेला मी कँटीनमध्येसुद्धा बघितला नव्हता. आणि सापळा लावायचा तर नीट लावावा. दाणा आत पडला तुझा."

किल्ली पुढे केली, तर घेईनात. "आधी वाल आण, सोलायला शिकवते." त्यांच्या उंबऱ्यात बसून आम्ही रविवारभर वाल सोलले. माझ्या बोटांची सालं निघाली. उठताना त्यांनी उंबऱ्यावरची किल्ली उचलली आणि कमरेच्या पिशवीत टाकली.

पुढच्या वर्षी काकू महिनाभरासाठी बहिणीकडे पेणला गेल्या. जाताना स्वतःची किल्ली मला दिली. रविवारी अकराला नळ बघ, म्हणाल्या. "आणि डबे उघडू नकोस." मुक्काम लांबला, आणि दुसऱ्या महिन्यात पेणहून फोन आला. त्यांच्या बहिणीचा होता. काकू झोपेतच गेल्या होत्या.

किल्ली मागायला अजून कोणी आलेलं नाही. रविवारी मी जातो, नळ बघतो. ओट्यावर वालांचा डबा आहे आणि झाकणावर आंबेमोहोरचा एक दाणा. मी लांबूनच बघतो, श्वाससुद्धा जपून घेतो. तो पडला तर पंचाईत आहे. माझ्या घरात अजूनही कोलमच आहे.