बंब आला, आगच लागेना!

रत्नागिरीत आम्ही चार पेन्शनर रोज संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्याकडे फिरायला जातो. फिरणं थोडं, बसणं जास्त. बाकीचे तिघे बँकेतले. त्यांच्या गप्पा म्हणजे कोणाची बदली कुठे झाली आणि कोणाचं प्रमोशन कोणी खाल्लं. त्याचा कंटाळा आला की मला म्हणतात, "तू सांग रे काहीतरी!" मी जिल्ह्यातल्याच एका छोट्या नगरपालिकेत क्लार्क होतो. गावाचं नाव सांगणार नाही, माझी सासुरवाडी अजून तिकडेच आहे! पण नगरपालिकेत नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करायला लागत नाहीत. टेबलावर धूळ बसते तसे ते आपोआप बसत जातात. आणि आमचे निम्मे किस्से एकट्या आगीच्या बंबाचे!

*

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार असेल. तोवर आमच्या गावाला बंबच नव्हता. आग लागली की देवळाची घंटा वाजवायची, लोकांनी कळशा-बादल्या घेऊन धावायचं आणि पोस्टातून जिल्ह्याच्या गावी ट्रंक कॉल लावायचा. कॉल लागेपर्यंत आगीचं निम्मं काम झालेलं असायचं.

एकदा एका लाकडाच्या वखारीला आग लागली. गावानं मिळून ती विझवली, भिजलेली लाकडं बाजूला काढली, चहा झाला. दुसरा चहा चालू असताना घंटा वाजवत बाहेरगावचा बंब आला. ड्रायव्हर घाईघाईनं खाली उतरला, "आग कुठाय?"

वखारवाला म्हणाला, "संपली. आता चहाच आहे, घेता?"

ड्रायव्हरला राग आला. घाटी उतरून, वळणं घेत बिचारा आला होता. चहा प्यायला, मिशी पुसली आणि जाताना सगळ्यांना बजावून गेला, "यापुढं आग लागायची असेल तर आदल्या दिवशी कळवत जा!"

*

मग आमच्या नगराध्यक्षांनी मनावर घेतलं. त्यांना सगळे भाऊ म्हणत. नारळ-सुपारीचा व्यापार, अंगात कायम पांढरा सदरा आणि सरकारकडून काही मिळत असेल तर ते सोडायचं नाही, हे त्यांचं धोरण. सरकार छोट्या नगरपालिकांना बंबासाठी अनुदान देतंय हे कळल्याबरोबर त्यांनी अर्ज ठोकला.

वरून उलट शंका आली. मागच्या वर्षी गावात किती आगी लागल्या ते कळवा, आणि पुढल्या वर्षी किती अपेक्षित आहेत तेही कळवा!

आमचे मुख्याधिकारी सांगलीकडचे. माणूस भला, पण वरून कागद आला की त्यांना घाम फुटायचा. "अहो, पुढच्या आगी मी कशा सांगू? कमी लिहिल्या तर अनुदान मिळणार नाही आणि जास्त लिहिल्या तर विचारतील, तुम्हाला आधीच कसं ठाऊक?"

भाऊंनी पान लावता लावता सांगितलं, "त्यात काय एवढं? लिहा, अनुदान मिळाल्यावर ठरवू!"

*

बंब आला तेव्हा गावात जत्राच लोटली. लालभडक, पितळेची घंटा, वर ही लांबलचक शिडी! बायकांनी ओवाळलं, भाऊंनी नारळ फोडला आणि शांताराम पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसला.

हा शांताराम गावचाच. बारा-पंधरा वर्षं मुंबईत ट्रक चालवत होता, बायको-पोरं इकडे. वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचा. धाकटी पोर तर त्याला ओळखायचीच नाही, पाव्हणा आला म्हणून लपून बसायची. बंबाच्या ड्रायव्हरची जागा निघाल्याबरोबर तो मुंबई सोडून आला. जागा हंगामी होती. बंब आहे तोवर नोकरी, बंब गेला की परत मुंबई. म्हणून तो बंबाला असा पुसायचा की बायको म्हणायची, "एवढं आमच्याकडं पन बघा की जरा!"

*

शिडीची एक वेगळीच गंमत झाली. ती होती चार मजली इमारतीसाठी आणि आमच्या गावात माडीचं घर म्हणजे उंचीची कमाल. मग एवढी शिडी करायची काय? भाऊंच्या आवारातल्या माडांना लावून पाहिली. बरोब्बर झावळांत पोचली! भाऊंचे नारळ उतरले. मग शेजाऱ्यांचे उतरले. मग नगरसेवकांची रांग लागली.

आठवड्याभरात आमचा पाडेली ऑफिसात हजर! पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. कमरेला कोयता तसाच. मुख्याधिकारी त्या कोयत्याकडे बघूनच उभे राहिले.

"साहेब, येक इचारायचं व्हतं."

"विचारा ना, विचारा."

"तुमी नारळ पाडनार असाल तर आगी मी इझवू काय?"

*

बंबाबरोबर एक अट आली होती, आगीखेरीज दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. आणि मे महिन्यात आमच्या विहिरी तळाला जातात. त्यातच एका नगरसेवकाच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवात पाणी नाही. ते भाऊंकडे आले, बंबभर पाणी द्या म्हणाले. भाऊ म्हणाले, "अटच आहे हो तशी. आग असेल तरच बंब हलेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात निरोप आला, लग्नाच्या मांडवात आग! शांताराम घंटा बडवत सुटला. इकडे मुख्याधिकाऱ्यांच्या जिवाची घालमेल. दुपार टळली तरी बंबाचा पत्ता नाही. शेवटी जेवण करून, गळ्यात मोगऱ्याचा हार घालून शांताराम परत आला.

"अहो, विझली का आग?"

"नाय साहेब, चुली अजून चालू हायत. शेवटची पंगत उठली की त्येच इझवतो म्हनाले!"

*

आता शेवटचा किस्सा. हा मी बँकवाल्यांना आजवर सांगितला नव्हता, कारण त्यांचा विश्वास बसणार नाही.

बंब येऊन वर्ष झालं आणि गावात एकही आग लागली नाही. पूर्वी दर उन्हाळ्यात एखादी तरी लागायची, आता विडीची ठिणगीसुद्धा पडेना! मांडवातली ती आग कागदावर दाखवायची कोणाची छाती नव्हती. वरून पत्र आलं. बंबाचा उपयोग होत नसल्यास तो दुसऱ्या नगरपालिकेकडे देण्यात येईल, तपासणीसाठी अधिकारी येत आहेत.

शांतारामचं तोंड एवढंसं झालं. पोर आता कुठे त्याच्या मांडीवर येऊन बसायला लागली होती. मला, गावच्या जावयाला, म्हणाला, "भावजी, परत ट्रक नको वो." पण मी क्लार्क माणूस, मी काय करणार?

तपासणीच्या दिवशी सकाळी शांताराम आम्हा सगळ्यांना ग्रामदेवतेच्या देवळात घेऊन गेला, गाऱ्हाणं घालायला. आमच्याकडे काही अडलं की देवापुढे मोठ्यानं मागणं मांडतात. मानकरी एकेक मागणं बोलतो आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मानकरी होते दाजी. वय झालेलं, पण आवाज खणखणीत. त्यांनी नारळ हातात घेतला आणि विचारलं, "आग केवढी पायजे?"

भाऊ म्हणाले, "लहान. विझण्यासारखी."

"कुनाकडं लावू?"

"गरिबाचं घर नको," शांताराम म्हणाला.

"श्रीमंताचंही नको!" भाऊंनी घाईघाईनं सांगितलं.

"मंग?"

"सरकारचं काय असेल ते बघा."

मुख्याधिकारी ओरडले, "आपलं ऑफिस सोडून!"

दाजींनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुज्या लेकरांनी बंब आनलाय, तो गावातच ऱ्हाऊ दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ल्हानशी आग दे, सरकारच्या वस्तूला दे, हापिसाला हात लावू नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात मुख्याधिकाऱ्यांचा आवाज सगळ्यात मोठा.

पुढचं काहीतरी दाजी तोंडातल्या तोंडात पुटपुटले. आम्हाला कळलं नाही, तरी आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणून टाकलं.

दुपारी अधिकारी सरकारी जीपनं आले. चेहऱ्यावर हसू नाही. बंबाभोवती एक फेरी मारली आणि शांतारामला विचारलं, "वर्षात किती आगी विझवल्या?"

"येक पन नाय साहेब," शांताराम खरं तेच बोलला.

"मग हा इथे कशाला ठेवायचा? बंब हलवायची तयारी करा," असं मुख्याधिकाऱ्यांना सांगून अधिकारी जीपमध्ये बसले. शांताराम बंबाला टेकून मान खाली घालून उभा. मला त्याच्याकडे बघवेना.

जीप फाटकाबाहेर पडली तोच भाऊ फणस खांद्यावर घेऊन मागून धावले, "साहेब, थांबा, फणस राहिला!" कापा फणस होता, चांगला पायलीएवढा. जीप थांबली. तो मागे नीट ठेवायला ड्रायव्हर उतरला आणि कसा ठेवतोय ते बघायला साहेबही उतरले.

आणि बॉनेटमधून धूर! बघता बघता जाळ!

शांतारामनं कोणाच्या हुकमाची वाट बघितली नाही. बंब बाहेर काढला, पाइप ओढला आणि असा फवारा मारला की आग जागच्या जागी गार! पण फवारा काही थांबेना. जीप भिजली, साहेब भिजले, भाऊ भिजले, फणस रस्त्यावरून घरंगळत गेला. आम्ही म्हटलं, मेलो आता!

साहेबांनी चष्मा काढला, पुसायला कोरडं काही सापडेना म्हणून तसाच परत घातला. काळ्या पडलेल्या जीपकडे बघितलं आणि म्हणाले, "बंब इथेच राहील. आणि ह्या माणसाला कायम करा." शांताराम पाइप हातात धरूनच ढसाढसा रडायला लागला. साहेबांना एस.टी. स्टँडवर सोडायला बंबच गेला, घंटा वाजवत!

संध्याकाळी आम्ही पेढे घेऊन दाजींकडे गेलो. दाजी अंगणात सुपारी कातरत बसले होते. त्यांनी पेढा घेतला, पण आमच्यावर चांगलेच तापले.

"पुढल्या टायमाला मागनं नीट सांगत जावा! साहेब जीपच्या आत पायजे का भायेर, ह्ये तुमी बोललाच नव्हता. मी आपला माज्या मनानं 'भायेर' म्हटलं!"