खंडेनवमीचं तेल

कार्डिफवर आठ दिवस पाऊस नुसता गळत होता. धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. खंडेनवमीच्या सकाळी सातला जरा उघडीप मिळाली, तसे नंदू टेलर कामाला लागले.

कराडच्या पेठेत चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेला माणूस. बायको गेल्यावर लेकीनं, मंजिरीनं, सहा महिन्यांच्या व्हिसावर इकडं आणलं. बॅगेत कपडे कमी, कात्र्या जास्त. करमेना म्हणून मंजिरीनं चॅरिटी शॉपमधून जुनी मशीन आणून दिली, तेव्हा कुठं म्हातारा जेवायला लागला.

खंडेनवमीला हत्यारं पुसायची, तेलाचा हात फिरवायचा, हळदकुंकू वाहायचं. चाळीस वर्षांत चुकलं नव्हतं. दोन्ही कात्र्या झाल्या, मशीन झाली. जावई यतीन घरूनच काम करायचा; त्याच्या लॅपटॉपलाही कुंकू लागलं.

"आप्पा, ह्याला तेल नका घालू हं," यतीन हसला.

"एवढं कळतं मला, यतीनराव."

मग लेकीचं हत्यार. मंजिरी नर्स. पेशंटांच्या घरोघरी जायची ती गाडीनं. फ्लूनं आठ दिवस आडवी होती, तेवढे दिवस गाडी दारात पावसात उभी. नंदू टेलरांनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, आणि चाकाच्या फटीतून त्यांची नजर आत गेली. आतली लोखंडाची चकती तांबडीलाल गंजलेली.

"आरारा! काय दशा झालीया."

पोतं अंथरून ते बसले. मशीनच्या तेलाची डबी, तिची लांब चोच फटीतून आत. चकतीवर तेलाची धार सोडली, चिंधी गुंडाळलेली काडी फिरवली. ड्रायव्हरच्या बाजूची दोन्ही चाकं झाली. पलीकडची भिंतीला चिकटून होती, बसायला जागा नाही, म्हणून राहिली.

सव्वाआठला मायलेकी निघाल्या. आठ वर्षांची तनिषा युनिफॉर्मची पँट ओढत म्हणाली, "आजोबा, माझा पँट लाँग होतो."

"माझी पँट म्हण की गं. आण संध्याकाळी, दुमडून देतो."

"आप्पा, बॉनेटवर कुंकू?" मंजिरी म्हणाली. "पेशंट विचारतील, कुणाला उडवून आलीस?"

"विचारू देत. सण हाय म्हणावं."

गाडी हळूच उताराला लागली. यतीन चहाचा मग घेऊन दारात आला. नंदू टेलरांना सांगितल्याशिवाय राहवेना.

"चाकातल्या चकत्या गंजल्या होत्या बघा. तेल सोडलंय झकास."

"कुठल्या चकत्या?"

"त्या आतल्या. आरशासारख्या चमकायल्या आता."

यतीनच्या हातातला मग तिरका झाला. "आप्पा, ते ब्रेक आहेत! त्या चकत्या आवळून गाडी थांबते. तेलानं निसटणार त्या!"

नंदू टेलरांनी उताराकडं बघितलं. गाडीचे मागचे लाल दिवे लागले होते. लागलेलेच होते. आणि गाडी चाललीच होती. दिवे तसेच जळत ती वळणावरच्या हेजच्या, झुडपांच्या कुंपणाच्या, आड गेली.

खाली मोठा रस्ता. तिथं बस. तिथं शाळेची पोरं रस्ता ओलांडत होती.

यतीननं फोन लावला. रिंग किचनमधूनच आली. फोन चार्जरलाच राहिला होता. तो सॉक्सवरच पळत सुटला. नंदू टेलर गुडघा धरून मागं. ह्याच हातानं, ह्याच हातानं, एवढंच डोक्यात. सणाच्या दिवशी आपणच पोरीच्या...

वळणापलीकडून धडाधडा आवाज आला. मग काहीच नाही.

त्यांचे पाय थांबले. पुढं जायचं धाडसच होईना. हेजच्या ओल्या पानांना धरून ते उभे राहिले. पलीकडं काय दिसेल, ते बघायचंच नव्हतं.

"आजोबा!"

तनिषाचा आवाज. "आजोबा, गाडी ऐकलाच नाही!"

ते वळणापाशी आले. त्या दिवशी कचरा न्यायचा वार. लोकांनी फुटपाथला लावून ठेवलेल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यांची रांग आडवी झाली होती आणि गाडी तिच्यात नाक खुपसून उभी. उजव्या चाकांनी दगा दिला, पण डाव्या दोघांनी धरलं, म्हणून गाडी डावीकडं ओढली गेली. भिंतीलगतच्या त्याच दोन चाकांनी, जी आप्पांची राहून गेली होती.

मंजिरीचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. यतीननं एकेक बोट सोडवलं.

दुपारी मेकॅनिकनं गाडी ट्रकवर चढवून नेली. तेल प्यायलेले ब्रेकचे पॅड फेकून नवे घालणार होता.

"आप्पा," मंजिरी म्हणाली, "पावसानं गंज येतोच. दोन-चारदा ब्रेक दाबला की घासून जातो."

"व्हय?" ते म्हणाले.

चारला तनिषानं पँट आणून मांडीवर टाकली. त्यांना सुईत दोरा ओवता येईना. तनिषानं ओवून दिला. मशीन दोन टाके चालली आणि कुरकुरली. त्यांनी तेलाच्या डबीकडं हात नेला, तो तसाच अधांतरी राहिला.

"मंजे," त्यांनी आत हाक मारली, "मशीनला दोन थेंब सोडू का गं?"

मंजिरी दारात येऊन उभी राहिली.

"सोडा, आप्पा."

त्यांनी मोजून दोन थेंब सोडले, बोटं चिंधीला तीनदा पुसली आणि पँटचा काठ आत दुमडला.