मावसोबांचा जॅक आणि मावशीचा पाट

कल्याणपासून ठाण्यापर्यंतच्या सगळ्या पुरुषांची सावधगिरी गोळा करून देवाने आमचे मावसोबा, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, घडवले होते. आणि उरलेला सगळा वेडेपणा त्यांच्या छकड्यात ओतला होता. शर्यतीचा तो छकडा इतका हलका, की वारा सुटला म्हणजे बैलच गाडीला धरून ठेवत. दारावरून आगगाडी जायची, पण "दुसऱ्याच्या चाकांवर जीव कोण टाकतो!" म्हणून मावसोबा तिच्यात पाय ठेवत नसत. वजनाचं त्यांना भारी वावडं. बैलांच्या घुंगरमाळा उतरवल्या, मावशीला बोचकं घेऊ देईनात, आणि मला तर एकदा म्हणाले, "अरे, मिशा एवढ्या कशाला? एक बाजू तरी उतरव."

अशा गाडीत न्यायला, आस उचलून चाक बसवण्यासाठी, लहानसा आणि भरवशाचा जॅक हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं. सात महिने रेल्वेच्या कारखान्यातल्या एका मिस्त्रीचं डोकं खाल्लं. त्याने घडवलेला एकेक जॅक आला की त्यावर गाडी चढवायची आणि गाडीखाली स्वतःचा चांदीचा पानाचा डबा ठेवायचा. "जो माझा डबा सांभाळेल, त्याच्याच हवाली मी माझी हाडं करीन!" पहिल्याने डब्याची पोळी केली, दुसऱ्याने त्या पोळीची घडी. तिसरा, तांब्याएवढा, दोन दिवस तसूभर हलला नाही. त्याची मुंज लावायचीच काय ती राहिली.

मग मावशीच्या लेकीच्या डोहाळजेवणाला आम्ही तिघे ठाण्याला निघालो. लेक पहिलटकरीण; माहेरची ओटी मावशीनेच भरायची, तीही बाराच्या आत. ठाकुर्लीपुढे आसाची खीळ निसटली आणि चाक गेलं भाताच्या खाचरात.

"मावसोबा, मी हातानेच उचलतो की!"

"मग सात महिने मी काय टाळ कुटले?"

त्यांनी जॅक लावून दांडा फिरवला. गाडी वर येण्याऐवजी जॅकच चिखलात उतरायला लागला. लहान हवा म्हणून निवडलेला, त्याचं बूडही लहान! मावसोबांचा चेहराही त्याच्या मागोमाग उतरला. मी आस धरायला वाकलो, तशी मावशीने माझा हात दाबला आणि स्वतःच्या बैठकीखाली दडवलेला, लेकीसाठी नेत असलेला शिसवी पाट काढला. "अहो, हा खाली घाला. ओझं आणलं म्हणून रागावू नका हं."

पाटावर जॅक ठाम उभा राहिला, चाक बसलं, ओटी वेळेवर भरली. मावसोबा ठाणेभर सांगत सुटले, "जॅकने लाज राखली!" मावशी मान डोलवत होती.

जॅकचा गोल वळ उठलेला पाट लेकीला द्यायचा कसा? तो कल्याणलाच राहिला. पुढे मावशी गेली, मागोमाग छकडाही गेला. जेवताना मावसोबा तो पाट शेजारी रिकामाच मांडत. एकदा त्या वळावरून बोट फिरवत त्यांनी मला विचारलं, "खरं सांग रे, तू हातानेच उचलली असतीस ना गाडी?"

"छे हो, मावसोबा! मला कुठली पेलायला?"