नऊ पदरांचा दोरा

लातुरात शिवगंगाच्या दोऱ्याला तोड नव्हती. हे तिचं स्वतःचंच मत होतं आणि कुणी न विचारता ती ते सांगायची. लिंगायतांचा गळ्यात लिंग बांधायचा दोरा, शिवदार, बाजारात चार दुकानांत मिळायचा. पण घामानं तो वर्षभरात कुजायचा आणि मग कुणाचं लिंग आंघोळीच्या दगडावर पड, कुणाचं शेतात हरव, असले घोळ व्हायचे. शिवगंगाचा दोरा नऊ पदरांचा. मांडीवर सूत वळायचं, मेणातून ओढायचं, पुन्हा वळायचं. नवातला एक पदर तांबडा. ती तिची खूण. सिद्धेश्वराच्या यात्रेत ती पोतं अंथरून बसली की गिऱ्हाइकाच्या हातात दोरा देऊन म्हणायची, "वढा. लागंल तेवढं वढा. माणूस तुटंल, हे तुटायचं न्हाई."

पुढं हे वाक्य तिला स्वतःलाच ऐकवेना.

तिचा नवरा मलप्पा डाळ मिलमध्ये मशीनवर होता. हसरा, बोलघेवडा, बायकोची थट्टा केल्याशिवाय भाकरी न उतरणारा माणूस. महाशिवरात्रीच्या सुमाराला एकदा जेवता जेवता म्हणाला, "दोन हात दोरी वळून दे बरं. जाड पायजे. मिलला लागायलीय."

"काय बांधायचंय? हत्ती?"

"हत्तीच समज."

तिनं वळून दिली. सवयीनं तांबडा पदरही घातला. कशाला हवी, हे पुन्हा विचारलं नाही. मिलमध्ये दोरीची हजार कामं, त्यात विचारायचं काय?

नवा जिल्हा होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. कलेक्टर आला होता, लाल दिव्याची गाडी आली होती, घराघरांत आता आपलं काम इथंच होणार म्हणून आनंद होता. पाऊस मात्र सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. विहिरी उघड्या पडलेल्या, आडतीत धान्य नाही. धरणात पाणी नाही म्हणून वीज नाही, असं लोक म्हणायचे. खरं खोटं कोण जाणे. गाडीवरचा तो लाल दिवा सोडला, तर गावातले बाकीचे दिवे दिवसातून आठ-दहा वेळा जायचे.

वैशाखात एका दुपारी असेच दिवे गेले. मिलमधलं मशीन थांबलं. चाकावरून पट्टा उतरला होता, तो चढवायला मलप्पा आत शिरला. आणि मशीन फिरलं.

शिवगंगाला फक्त तोंड दाखवलं. बाकी सगळं पांढऱ्या धोतरात गुंडाळलेलं. बायकांनी तिला धरून ठेवलं होतं. जे करायचं ते वीरण्णा स्वामींनी केलं. त्यांच्या घराण्याचे जंगम, म्हणजे गुरू, ते. जन्मल्यावर मलप्पाच्या गळ्यात लिंग बांधलं ते त्यांच्याच वडिलांनी. रीतीप्रमाणं मलप्पाला बसवून, तळहातावर लिंग ठेवून माती दिली.

पंधरा दिवसांच्या आतच पंचनाम्याची नक्कल हातात आली. धाकटा दीर बसवंत सातवी शिकलेला. त्यानं ओसरीत बसून वाचली. "मयताच्या गळ्यातील दोरा फिरत्या चाकात अडकून, मयत स्वतःच्या हयगयीने..." पुढचं वाचायला त्याला जमलं नाही. शिवगंगाला पुढचं ऐकायचंही नव्हतं. दोरा. म्हणजे तिचा दोरा. बाजारातला कच्चा असता तर एका हिसक्यात तुटला असता आणि मलप्पा शिव्या देत घरी आला असता. हिचा तुटला नाही.

त्या दिवसापासून तिनं सुताला हात लावला नाही. कुणी दोरा मागायला आलं तर "मेण संपलं" म्हणायची. मेणाचा गोळा कोनाड्यात सगळ्यांना दिसायचा, पण तिला खोटं म्हणायची कुणाची छाती होती?

तरी एक गोष्ट तिला टोचत राहिली. दोरा अडकायला चाक फिरायला हवं. दिवे गेले होते तर चाक फिरलं कसं?

मलप्पाच्या जोडीचा नरसिंग भेटायला आला, तेव्हा तिनं त्याला हेच विचारलं. मोटारीच्या बोर्डापाशी त्याची जागा. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "वैनी, बोर्डाला एक मोठं हँडल हाय. लाईट गेली की ते आपोआप खाली पडतंय. मग लाईट आली तरी मशीन चालू हुत न्हाई. कुनीतरी हातानं वर उचलावं लागतंय."

"मग कुनी उचललं?"

"मी पाणी प्यायला गेल्तो. देवाची आण, मला ठावं न्हाई."

चहा तसाच ठेवून तो उठला. नरसिंग चहा ठेवून जाणारा माणूस नव्हता.

हँडल कुणी उचललं? एवढा एक प्रश्न घेऊन शिवगंगा कचेरीत गेली. इथल्या साहेबांनी सांगितलं, तुमचा कागद जुन्या जिल्ह्यात आहे. ती एस.टी.नं उस्मानाबादला गेली. तिथल्या साहेबांनी सांगितलं, लातूरचे गठ्ठे लातूरला रवाना झाले. परत आली तर गठ्ठे सुटायचे होते. सुटले तेव्हा एका कारकुनानं दयेपोटी तिचा कागद शोधून वाचला आणि म्हणाला, "बाई, यात हँडलचा उल्लेखच नाही." तिला वाटलं, इतका पांढरा कागद आणि त्यात एक हँडल मावू नये! ती रागानं रडली. कारकुनानं तिला पाणी दिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी ती कदाचित हळूहळू सावरली असती. पण आषाढात बसवंत घरी येऊन म्हणाला, "वैनी, दादाच्या जागेवर मला लावलंय. उद्यापासून." आडत बंद, हमाली बंद, तो तरी काय करणार? मशीन तेच, चाक तेच, आणि बसवंतच्या गळ्यात दोराही तिनंच वळलेला.

पहाटे तिनं त्याला देवाच्या देवळीसमोर बसवलं. "भावजी, लिंग काढून ठेवा. संध्याकाळी आल्यावर बांधा."

बसवंत तिच्याकडे बघतच राहिला. लिंग अंगावेगळं करायचं नाही हे त्याला दूध पीत होता तेव्हापासून शिकवलेलं. आणि सांगतंय कोण, तर जन्मभर दोरे वळणारी बाई. "अंगावर लिंग न्हाई तर जेवू कसं, वैनी?"

"नका जेवू. पण जित्ते या."

तेव्हापासून रोज सकाळी बसवंतचं लिंग देवळीतल्या खुंटीला लटकायचं आणि बसवंत दिवसभर उपाशी राहायचा. संध्याकाळी आला की आधी आंघोळ, मग लिंग, मग अधाशासारखी भाकरी. गाल बसले, डोळे खोल गेले. शिवगंगा दिवसभर त्या खुंटीकडे बघायची. पाप तर आपल्या माथी बसलंच, वर भुकेनं चक्कर येऊन हा चाकात पडला तर? दिवे गेले की तिच्या जिवाचं पाणी व्हायचं. आले की जास्तच. मिलचा आवाज गल्लीपर्यंत यायचा. तो थांबला की ती उंबऱ्यात, सुरू झाला की पुन्हा उंबऱ्यात.

अशात एका सकाळी खुंटीवरच्या लिंगाकडे बघता बघता तिच्या डोक्यात आलं, की मलप्पाचा गळा शेवटचा बघितला तो एकाच माणसानं. वीरण्णा स्वामींनी. दोरा तुटलेला होता का, ओढला गेलेला होता का, हे त्यांनाच ठाऊक. इतके दिवस हे सुचलं कसं नाही, म्हणून तिनं स्वतःला दोन-चार शिव्या दिल्या आणि पायात चपला घातल्या.

स्वामी लोह्याला होते. दर श्रावणात तिथल्या मठात पुराण सांगायला जायचे. अहमदपूरवरून जाणाऱ्या गाडीत शिवगंगा उभ्यानं गेली. दोन्ही बाजूंना करपलेली ज्वारी होती, पण तिचं लक्ष नव्हतं. 'तुटलेला होता' म्हणाले तर काय, 'अखंड होता' म्हणाले तर काय, एवढंच ती घोळवत राहिली.

मठाच्या पायरीवर तिनं डोकं टेकलं. "शरणार्थ, स्वामी."

"शरणार्थ. एकलीच आलीस एवढ्या दूर?"

"एक विचारायचं हाय. खरं सांगा. बरं वाटावं म्हणून सांगू नका." आणि तिनं विचारलं.

स्वामी म्हातारे होते, पण विसरभोळे नव्हते. ते म्हणाले, "दोरा त्याच्या गळ्यात नव्हताच, पोरी. काम करताना तो दोरा काखेतून घेऊन बंडीच्या आत दंडाला बांधायचा. तुला ठावं न्हाई?"

तिला ठाऊक नव्हतं. सोळा वर्षांच्या संसारात हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

"लिंग दंडालाच हुतं. दोरा आख्खा. एक सूत निघालं नव्हतं. तुझी गाठ मी या हातांनी सोडली, लिंग तळहातावर ठेवलं अन् दोरा मनगटाला गुंडाळला. तांबडा पदर बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं, म्हणून ध्यानात हाय."

शिवगंगा पायरीवर बसली आणि मोठ्यानं रडली. पुराणाला आलेल्या बायका गोळा झाल्या, कुणी पदरानं वारा घातला. तिला लाज वाटली नाही. तीन महिन्यांनी पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. तिच्या दोऱ्यानं त्याला मारलं नव्हतं. पुरावा मात्र मातीत होता, तिच्याच माणसाच्या मुठीत, आणि तो उकरून कुठल्या साहेबाला दाखवायचा? नाही दाखवायचा. तिला कळलं तेवढं पुरे होतं.

रात्र तिनं मठात काढली आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाली. घरी पोचली तेव्हा बसवंत कामावर गेला होता आणि खुंटीवर लिंग लटकत होतं. तिनं ते उतरवून ओंजळीत घेतलं, देवाची माफी मागितली, दोन भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या आणि लिंग मुठीत घेऊन मिलचा रस्ता धरला. आज बसवंतनं दुपारी जेवायचं होतं.

मिलमध्ये ती पूर्वी कधी गेली नव्हती. आत तुरीचा भुस्सा उडत होता, कानठळ्या बसत होत्या. बसवंत पलीकडे चाकांच्या रांगेशी दिसला, तोंडाला फडकं बांधलेलं. त्याच्याकडे जाता जाता भिंतीवरचा बोर्ड तिला दिसला. वर एक पिवळा बल्ब जळत होता, खाली नरसिंग उभा होता. आणि तेच ते हँडल, हातभर लांब, वर केलेलं.

हँडलला दोरी बांधलेली होती. घट्ट, वरच्या खिळ्याला ताणून. दिवे गेले तरी ते खाली पडू नये म्हणून. दोन हात दोरी. जाड. धुळीनं मळलेली होती, पण त्या मळातही एक पदर तांबडा दिसत होता.

हत्तीच समज, असं मलप्पा म्हणाला होता. हँडल कुणीच उचललं नव्हतं. ते पडलंच नव्हतं; दिवे परत आले आणि मशीन आपसूक फिरलं होतं.

तिनं भाकरीचं फडकं खाली ठेवलं, लिंग कनवटीला खोवलं आणि दोरीला हात घातला. नरसिंग ओरडला, "वैनी, हात नका लावू!" पण ती गाठ कशी सुटते हे त्या मिलमध्ये तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. दोरी सुटली. हँडल धाडकन खाली पडलं. पट्टे सैल झाले, चाकं रेंगाळत थांबली आणि इतकी शांतता झाली की बाहेरचा कावळा ऐकू आला.

"लाईट गेली का रं?" पलीकडून कुणीतरी विचारलं. सवयीनं बसवंत पट्ट्याखाली वाकायला लागला.

"भावजी, आत जाऊ नका! लाईट हाय!" ती किंचाळली. बसवंत तसाच मागे सरला. बल्ब जळत होता.

मुनीम धावत आला. "कुनी बंद केलं? कोन ही बाई?"

शिवगंगानं दोरी त्याच्यासमोर धरली, मग नरसिंगसमोर, मग गोळा झालेल्या सगळ्यांसमोर. "ही मी वळली. माझ्या हातची हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. बांधली कुनी?"

गोळा झालेले दोघं-तिघं पाऊलभर मागे सरकले.

"माझ्या माणसानं बांधली? का त्याला कुनी बांधाय लावली? अन् तो गेल्यावर पुन्हा कुनी बांधली?" ती नरसिंगकडे वळली. "तुम्ही म्हणाला, हँडल आपोआप पडतंय."

सगळे त्याच्याकडे बघत होते, मुनीमही. त्यानं एकदा मुनीमकडे बघितलं आणि बोर्डाकडे पाठ फिरवली.

मुनीम म्हणाला, दोरी मिलची आहे, इकडे द्या. शिवगंगानं ती मनगटाला गुंडाळली, एकदा, दोनदा, तीनदा, आणि दातानं गाठ मारली. मग तिनं बसवंतला हाक मारली. तो आला, हात धुऊन बसला. कनवटीचं लिंग काढून तिनं त्याच्या हातात दिलं. त्यानं ते कपाळाला लावलं आणि तिनं सांगितलं तसा, दादासारखा, दोरा काखेतून घेऊन दंडाला बांधला.

बसवंत जेवत होता तोवर ती हँडलखाली बसून राहिली. हँडल उचलायला दोन माणसं दोनदा येऊन गेली, पण तिच्या डोक्यावरून हात घालायचं कुणाला जमलं नाही.